आउटस्टँडिंग किलो

लिफ्टमामांच्या फॉर्मवर दहा खुणा करायच्या आणि खाली सही ठोकायची, एवढंच काम होतं. चहा निवायच्या आत झालं असतं. इमारतीतल्या दुसऱ्या कोणाकडे तो फॉर्म गेला असता तर झालंही असतं. पण लिफ्टमामा तो तराजूकाकांकडे घेऊन आले आणि तिथेच सगळं बिनसलं.

तराजूकाका म्हणजे चौथ्या मजल्यावरचे निवृत्त वजनमापे निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून वजनं तपासली. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर सरकारी मुद्रा असते. ती मुद्रा मारण्याचा अधिकार काकांना होता. निवृत्तीच्या दिवशी सरकारने अधिकार परत घेतला, पण नजर परत घ्यायची राहून गेली. काका दुकानात शिरले की दुकानदार आधी काटा पुसतो आणि मग 'या' म्हणतो. घरी काकूसुद्धा चहात साखर घालताना पाठ करून उभ्या राहतात. संसार टिकवायचा तर असं काहीतरी करावंच लागतं.

तर फॉर्म. इमारतीची लिफ्ट जुनी, दांडा फिरवून चालवायची. सरकती जाळी ओढायची, दांडा फिरवायचा आणि मजला आला की नेमक्या क्षणी सोडायचा. हे काम लिफ्टमामा बावीस वर्षं करत होते. आता दोन महिन्यांत बटणांची लिफ्ट येणार होती, आणि बटणांच्या लिफ्टला मामा लागत नाही. मामांचं वय पन्नाशीपुढे, मुलगी कॉलेजात, घरात म्हातारी आई. सुदैवाने मोठ्या हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत स्ट्रेचरची लिफ्ट अजून दांड्यावरच चालत होती आणि तिथे एक जागा निघाली होती. अर्जासोबत पाच वर्षं ओळखणाऱ्या कोणा प्रतिष्ठित माणसाने भरलेला हा शिफारशीचा फॉर्म हवा होता.

"काका, तुमच्या शब्दाला वजन आहे," मामा दारात उभं राहून म्हणाले.

काकांना एवढं सांगितलं की पुरे. दुसऱ्या माणसाने हसून 'कसचं कसचं' म्हटलं असतं. काकांनी चष्मा लावला.

फॉर्म इंग्रजीत होता. डावीकडे एकाखाली एक दहा गुण: वक्तशीरपणा, स्वच्छता, वागणूक, कामातलं कौशल्य, प्रामाणिकपणा वगैरे. वर आडवे सहा शब्द: आउटस्टँडिंग, एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, सॅटिस्फॅक्टरी आणि पुअर. प्रत्येक गुणापुढे एका शब्दाखाली खूण करायची.

"आउटस्टँडिंग म्हणजे नक्की किती?" काकांनी विचारलं.

"अहो, सगळीकडे आउटस्टँडिंग लिहा आणि अंघोळीला जा," काकू म्हणाल्या.

"कशाच्या आधारावर?"

काकू सरळ स्वयंपाकघरात गेल्या. 'कशाच्या आधारावर' हे शब्द आले की पुढचे दोन-चार दिवस घरात काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

काकांनी जाडजूड इंग्रजी शब्दकोश खाली काढला. 'आउटस्टँडिंग' पाहिलं, तिथे अर्थ दिला होता एक्सलंट. 'एक्सलंट' पाहिलं, तिथे आउटस्टँडिंग. 'गुड' या शब्दाला तर दीड पान दिलं होतं आणि त्या दीड पानात गुड म्हणजे किती हे एकदाही सांगितलं नव्हतं. काका खवळले. एका वजनाची खात्री दुसऱ्यावरून पटवायची आणि दुसऱ्याची पहिल्यावरून, हा प्रकार त्यांनी नोकरीत असंख्य वेळा पकडला होता, पण तो एवढ्या जाड पुठ्ठ्यात बांधून विकला जातो याची त्यांना कल्पना नव्हती. ज्या दुकानात मूळ मापच नाही त्या दुकानाला एरवी त्यांनी सील ठोकलं असतं.

मग ते तिसऱ्या मजल्यावर बँकेतल्या वहिनींकडे गेले. त्यांच्या बँकेत गिऱ्हाईक जाताना शेरा देऊन जातं, तेव्हा त्यांना यातलं कळत असावं असा काकांचा समज.

"एक्सलंटच्या खाली काही आलं की आमची चौकशी लागते," वहिनी म्हणाल्या. "त्यामुळे मी कोणालाच एक्सलंटच्या खाली देत नाही. इस्त्रीवाला एक्सलंट, केबलवाला एक्सलंट. परवा सासूबाईंनी विचारलं, मी कशी दिसते? तोंडातून एक्सलंट निघून गेलं."

"मग एखादा खरंच एक्सलंट असला तर?"

वहिनींनी बराच विचार केला. "त्याला दोनदा म्हणायचं," त्या म्हणाल्या.

काका हताश होऊन वर आले. सगळ्या गावाने आपापली वजनं घासून हलकी केली होती आणि कोणाला त्याची लाज नव्हती. तेव्हा शब्द बाजूला ठेवून आधी माणूस मोजायचा असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते लिफ्टमध्ये शिरले ते बाहेर पडेनात. हातात पोलादी पट्टी, खिशात वही, मनगटावर घड्याळ. लिफ्ट थांबली की काका खाली वाकायचे, लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी यांच्यातला फरक मिलिमीटरमध्ये मोजायचे, वहीत टिपायचे आणि मग लोकांना बाहेर पडायला वाट द्यायचे. लोकांना हे आवडलं नाही. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका काकांच्या पाठीवरून बाहेर पडायचा मार्ग शोधू लागल्या. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी नोटीस लावली की लिफ्टचा वापर फक्त ये-जा करण्यासाठी करावा. काकांनी तिच्याखाली लेखी उत्तर चिकटवलं की आपण सकाळपासून अठ्ठावन्न वेळा ये-जा केली असून सेक्रेटरींनी दोनदाच केली आहे. तिसऱ्या दिवशी काकांची कंबर धरली. काकूंनी बाम चोळला आणि चोळताना जे काय बोलायचं ते बोलून घेतलं.

मामा पहिल्या दिवशी फार बावरले होते. दांडा सोडायला त्यांना क्षणभर उशीर झाला आणि चार मिलिमीटरची चूक झाली, ती त्या दिवशीच. दुसऱ्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून येऊ लागले.

चार दिवसांत दोनशे बारा थांबे मोजून झाले. बहुतेक ठिकाणी फरक एक नाहीतर दोन मिलिमीटर. एकतीस वेळा दोन फरशांत फरक म्हणून काही सापडलाच नाही. काका थक्क झाले. इतका सच्चा काटा त्यांनी उभ्या नोकरीत चार-पाचदाच पाहिला होता.

आता इथे कोणीही शहाणा माणूस दहाच्या दहा खुणा आउटस्टँडिंगखाली करून मोकळा झाला असता. काकांनी दहाच्या दहा खुणा सॅटिस्फॅक्टरीखाली केल्या.

"अहो, हा शेवटून दुसरा शब्द आहे," काकू फॉर्मवर वाकून म्हणाल्या.

"रांगेत कुठे उभा आहे यावरून शब्दाची किंमत ठरत नाही," काका म्हणाले. "हे बघ. किलो हा किलोच असावा. कमी भरला तर गिऱ्हाईक फसलं, जास्त भरला तर दुकानदार. आउटस्टँडिंग किलो म्हणजे बिघडलेला काटा. किलो भरला की समाधान झालं, विषय संपला."

"आणि प्रामाणिकपणा?"

"माणूस प्रामाणिक असतो किंवा नसतो. व्हेरी गुड प्रामाणिक म्हणजे काय? कधी कधी लबाड?"

काकूंना हे खोडता आलं नाही, आणि खोडता आलं नाही याचीच त्यांना काळजी वाटली. काकांनी दोनशे बारा थांब्यांचा तक्ता स्वच्छ अक्षरात सहा पानांवर उतरवला, पानोपानी सही केली, फॉर्मला जोडला आणि पाकीट चिकटवून मामांच्या हातात दिलं. मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर यायच्या आधी त्यांनी ते हॉस्पिटलात नेऊन दिलं. मुलाखती पुढच्या आठवड्यात शुक्रवारी होत्या.

सोमवारी दुपारी मामा जेवायला गेले असताना काकांना जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर भेटले. हे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस त्याच हॉस्पिटलात बसतात. काकांनी आपण काय लिहिलं ते त्यांना मोठ्या समाधानाने सांगितलं. डॉक्टर आधी हसले. मग काका हसत नाहीत हे पाहून त्यांनी विचारलं.

"काका, तुम्ही खरंच दहाही ठिकाणी तेच लिहिलंत?"

"दहाही ठिकाणी."

"तिथे व्हेरी गुडच्या खाली असलेला फॉर्म कारकून सरळ बाजूला टाकतात. गुड म्हणजे माणूस जेमतेम. सॅटिस्फॅक्टरी म्हणजे," डॉक्टर जरा अडखळले, "म्हणजे तोंडावर बोलता येत नाही म्हणून असं लिहिलंय, असं समजतात. आणि प्रामाणिकपणापुढे तसं लिहिलेलं दिसलं की कपाटाच्या किल्ल्या जागेवर आहेत का ते बघतात."

काका कठडा धरून पायरीवर बसले. जगाने वजनं हलकी केली हे त्यांना माहीत होतं. पण खऱ्या किलोला जग आता चोर समजतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. बावीस वर्षांची इमानी नोकरी, आणि तिच्यावर आपण आपल्या हाताने, चष्मा लावून, सावकाश काळं फासलं. काकांना फार भीती वाटली. कारण मामांना या वयात दुसरी जागा मिळणार नव्हती.

पुढचा दीड दिवस काका जिन्यानेच येत-जात राहिले. मामांच्या तोंडासमोर जायची हिंमत होईना. मंगळवारी मामाच वर आले. "काका, कंबर अजून धरलीय का? माझ्यापायी तुम्हाला त्रास झाला," असं म्हणून त्यांनी तेलाची बाटली पुढे केली. काकूंनी ती घेतली आणि काकांकडे अशा नजरेने पाहिलं की बुधवारी सकाळी अर्जांची खिडकी उघडायच्या आधीच काका हॉस्पिटलात हजर होते.

एक नंबरच्या खिडकीने सहा नंबरला पाठवलं. सहा नंबरने एक नंबरला परत पाठवलं. तिसऱ्या फेरीला सहा नंबरच्या बाईंना त्यांची दया आली.

"फॉर्म परत मिळत नाही."

"परत नको. बदलायचा आहे."

"मग दुरुस्तीपत्रक भरा." बाईंनी एक कागद सरकवला. दुरुस्तीचं कारण म्हणून तीन चौकोन होते: आधी चूक केली, आधी खोटं लिहिलं आणि इतर.

"मी चूकही केली नाही आणि खोटंही लिहिलं नाही," काका म्हणाले. "मी इतरमध्ये खूण करतो."

"करा. पण इतर केलं की कागद वरच्या मजल्यावर जातो. तिथून खाली आलेला मी अजून पाहिलेला नाही."

शुक्रवारला दोन दिवस उरले होते. चौतीस वर्षांत काकांच्या एकाही नोंदीवर दुरुस्ती आली नव्हती. निरोपसमारंभात साहेबांनी हे माइकवरून सांगितलं होतं. काकांनी डोळे मिटले आणि 'आधी चूक केली' या चौकोनात खूण केली. खूण चौकोनाच्या जरा बाहेर गेली.

"आता मागची बाजू," बाई म्हणाल्या. "ज्याची चूक झाली त्याचा भरवसा काय? म्हणून तुम्हाला रोज पाहणाऱ्या कोणाकडून तरी तुमच्याबद्दल हा फॉर्म भरून आणायचा. बंद पाकिटात. नातेवाईक चालणार नाही, इथला कर्मचारी चालणार नाही."

तेच दहा गुण, तेच सहा शब्द. काका घरी येऊन विचार करत बसले. बँकेतल्या वहिनी ट्रेनिंगला गेल्या होत्या. दातांचे डॉक्टर हॉस्पिटलचेच. सेक्रेटरींकडे जायचं म्हणजे नोटिशीखालचं उत्तर आधी खरवडून काढावं लागलं असतं. रोज पाहणारा, नातेवाईक नसलेला, एकच माणूस उरत होता. काकांनी हॉस्पिटलात फोन करून विचारलं की ज्याची शिफारस त्यानेच शिफारस करणाऱ्याची शिफारस केली तर चालेल का. सहा नंबरच्या बाईंनी कागद वाचून पाहिला. "नातेवाईक नको, एवढंच लिहिलंय," त्या म्हणाल्या.

दुपारी गर्दी नसताना काका लिफ्टमध्ये शिरले. मामांनी जाळी ओढली, दांडा फिरवला. काकांनी आपल्या शिफारशीचा फॉर्म पुढे केला.

"भरतो की," मामा म्हणाले. "पण मला यातलं इंग्रजी कळत नाही. तुम्ही माझ्यासाठी ज्या रकान्यात खुणा केल्यात त्याच रकान्यात मी करतो. तुमचं माप कधी चुकायचं नाही."

 खोटं बोलणं काकांना कधी जमलं नव्हतं, आणि लिफ्टमध्ये पळायला जागा नव्हती. त्यांनी सगळं सांगून टाकलं. कुठल्या रकान्यात खुणा केल्या, तिकडे त्याचा काय अर्थ घेतात, आणि चूक सर्वस्वी आपली कशी. मामांचा हात दांड्यावरून सुटला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ती लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहिली.

"त्यांचं राहू द्या," मामा म्हणाले. "तुमच्या लेखी त्या शब्दाच्या वर काय आहे?"

"माझ्या लेखी त्याच्या वर काही नाही. किलो भरला की भरला."

खालून कोणीतरी घंटी वाजवत होतं. मामांनी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. "मग त्याच रकान्यात करतो," ते म्हणाले आणि त्यांनी लिफ्ट खाली नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंद पाकीट आणून दिलं. आत काय असणार हे काकांना माहीत होतं, आणि त्यामुळे दुरुस्तीपत्रकाचं काय होणार हेही. पण 'मामा, त्याऐवजी आउटस्टँडिंग करा' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. त्यांच्या लेखी ती त्यांनी स्वतः मोठ्या कष्टाने कमावलेली खूण होती.

गुरुवार काकांनी घालमेलीत काढला. शुक्रवारी सकाळी ते पाकीट घेऊन सहा नंबरच्या खिडकीशी उभे राहिले. बाईंनी नाव-गाव पाहिलं आणि पाकिटाला हातच लावला नाही.

"लिफ्टची जागा ना? तुम्हाला मेट्रनबाईंनी बोलावलंय. जुनी इमारत, पहिला मजला."

मेट्रनबाई चांगल्या उंच होत्या आणि त्यांच्यासमोर टेबलावर काकांची सहा पानं पसरलेली होती. 

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो, पण माझी चूक झाली. मी आता..."

"कुठे? हा चार मिलिमीटरचा आकडा चुकलाय?"

"छे, छे. आकडे सगळे बरोबर आहेत," काका दुखावून म्हणाले. "चूक वरच्या शब्दांत आहे."

"शब्द कोण वाचतंय?" मेट्रनबाई म्हणाल्या. "सदतीस अर्ज आले. तुमचा एक सोडला तर सगळे आउटस्टँडिंग. मागचा लिफ्टमन पण आउटस्टँडिंगच होता. दर खेपेला स्ट्रेचरची चाकं दोन बोटं खाली आपटायची, आणि टाके घातलेला माणूस कळवळायचा. तुमचा फॉर्म कारकुनांनी बाजूला टाकलाच होता. पण ही सहा पानं फाइलमध्ये मावेनात, म्हणून काय करायचं ते विचारायला माझ्याकडे आणली."

त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. समोर स्ट्रेचरच्या लिफ्टची मोठी जाळी दिसत होती आणि तिच्या आत इस्त्रीचा शर्ट घातलेले लिफ्टमामा दांड्यावर हात ठेवून उभे होते.

"मघाशी चार वेळा वर-खाली करायला लावलं. मी स्वतः फरशीच्या कडेला पेन्सिल लावून बघितली, फरक तिच्या जाडीएवढाही नव्हता. सोमवारपासून येतील ते."

काका न विचारताच खुर्चीवर बसले. छातीवरचं पाच किलोचं लोखंडी वजन कोणीतरी उचलून घेतलं असं त्यांना वाटलं, आणि ते बरोबर पाचच किलोचं होतं का हे पाहायची इच्छासुद्धा त्यांना झाली नाही. पाणी प्यायल्यावर मात्र त्यांचा मूळ स्वभाव जागा झाला.

"बाई, पेन्सिलीने मोजू नये," ते म्हणाले. "पेन्सिल सात मिलिमीटरची असते." आणि त्यांनी खिशातली पोलादी पट्टी काढून मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवली. ती पट्टी त्यांच्याकडे एकोणतीस वर्षं होती.

जाताना त्यांनी दुरुस्तीपत्रक आणि पाकीट सहा नंबरला द्यायचा प्रयत्न केला. दुरुस्तीच नाही तर हे आमच्या कुठल्या फाइलचं नाही, असं सांगून बाईंनी दोन्ही परत केलं. चौतीस वर्षांचा स्वच्छ हिशेब तसाच स्वच्छ राहिला. दुरुस्तीपत्रकाचे काकांनी जिन्यातच चार तुकडे केले.

घरी आल्यावर काकूंनी पाकीट उघडलं. पाचव्या रकान्यात दहा खुणा होत्या, प्रत्येक चौकोनाच्या बरोबर मध्यभागी. खाली 'इतर काही सांगायचे असल्यास' अशी जागा होती. तिथे मामांनी मराठीत लिहिलं होतं, आणि ते काकूंनी मोठ्याने वाचलं.

'काकांनी माझी लिफ्ट चार दिवस मोजली. बावीस वर्षं लोक तिच्यातून चढले-उतरले. ती बरोबर थांबते हे कोणी वाकून बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी इस्त्रीचा शर्ट घातला तो याच्यासाठी.'

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. तो स्वच्छच होता.

"मग?" काकू म्हणाल्या. "याला आता कुठल्या रकान्यात घालायचं?"

 कागद काकांनी कपाटात, निवृत्तीच्या वेळच्या मानपत्रावर ठेवला. काकू चहा टाकायला उठल्या. साखर घालताना त्या दिवशी त्यांनी पाठ केली नाही, आणि काकाही खिडकीबाहेर बघत बसले होते.